पडद्यावरची शिवारफेरी



जानेवारी महिना मोसंबीवाल्यांच्या मोठ्या जोखमीचा. आंबेबहाराचा ताण केव्हा तोडायचा, पहिले पाणी किती द्यायचे, खताची मात्रा कशी बसवायची, या प्रश्नांनी माणसाला झोप लागत नाही. अशा ऐन दिवसांत, २०२५ च्या जानेवारीत, मी दोन दिवसांची रजा टाकली आणि छत्रपती संभाजीनगरात सिनेमे बघत बसलो. तिसऱ्या दिवशी पैठण तालुक्यातल्या एका बागेत गेलो, तर बागेच्या मालकीणबाई बांधावरच उभ्या. वयाने मोठ्या आहेत, आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो.

"सायेब, दोन दिस फोन लावते, तुमी उचलंनात. कुठं गेल्ते?"

"सिनेमा बघायला गेलो होतो, आक्का."

"दोन दिस? आसा कोन्ता सिनेमा हाये दोन दिस चालनारा?"

मी म्हटले, एक नव्हे, आठ पाहिले. आक्कांनी कपाळावर हात मारून घेतला. मग बागेतून फिरताना त्यांनी सरळच विचारले, "आन् त्यात शेतकऱ्याच्या कामाचं काय व्हतं?"

प्रश्न रास्त होता. त्या दिवशी मी ताणाचे आणि पाण्याचे सांगून निघालो, पण आक्कांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे राहून गेले. ते आज या सदरातून देतो आहे.

आपल्या शहरात दरवर्षी अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, हे आपल्यापैकी अनेकांनी वर्तमानपत्रात वाचले असेल. मराठवाडा आर्ट, कल्चर अँड फिल्म फाउंडेशन ही संस्था तो भरवते. २०२५ साली १५ ते १९ जानेवारीला त्याची दहावी खेप झाली. त्या वर्षीचा पद्मपाणी पुरस्कार सई परांजपे यांना दिला गेला. देशोदेशीचे चित्रपट तिथे दाखवतात. त्यांतल्या पुष्कळांत नाच-गाणी नसतात आणि हाणामारीही नसते. मोठ्या कंपन्यांचा पैसा नसताना कुणी दोन-चार माणसांनी जिद्दीने केलेले हे काम असते. काही तर माहितीपट असतात, म्हणजे त्यात नट नसतातच. खरी माणसे, खरे गाव, खरी गुरे.

आता शेतकरी त्यातून काय घेणार? मी तीस वर्षे खात्याचे काम करतो आहे. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. शेतकरी भाषणाने शिकत नाही, पत्रकाने तर नाहीच. तो दुसऱ्याच्या बांधावर उभा राहिला की शिकतो. म्हणून आम्ही शिवारफेरी काढतो, सहली नेतो, कडवंचीची शेततळी दाखवायला जालन्याला गाडी भरून नेतो. दुसऱ्याचे पीक बघताना आपल्या पिकाची चूक आपोआप दिसते, कुणी बोट दाखवावे लागत नाही. चांगला चित्रपट ही तशीच शिवारफेरी आहे. फरक इतकाच की इथे पिकाबरोबर घरही दिसते. नवरा-बायकोचे बोलणे दिसते, भावाभावांचा अबोला दिसतो, म्हाताऱ्या आईचे दुखणे दिसते. या गोष्टी आम्हाला कोणत्याही प्रात्यक्षिक प्लॉटवर दाखवता येत नाहीत.

मी लहान असताना आमच्या गावात प्रचाराची गाडी यायची. शाळेच्या भिंतीला पांढरे धोतर ताणायचे आणि अंधार पडला की फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट दाखवायचे. संकरित ज्वारी, देवीची लस, धरणाचे बांधकाम. ती सरकारी संस्था १९४८ साली निघाली होती आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. त्या चित्रांनी आमच्या पिढीला जग दाखवले, हे ऋण मानलेच पाहिजे. पण ती चित्रे सांगायची, "असे करा." आज ज्या चित्रांबद्दल लिहितो आहे ती चित्रे असे काही सांगत नाहीत. ती विचारतात, "तुम्ही काय केले असते?" हे सगळे चित्रपट मी त्या दोन दिवसांतच पाहिले असे नाही. गोडी लागल्यावर गेल्या काही वर्षांत मिळतील तसे पाहिले आहेत. त्यांतले निवडक सांगतो.

अर्धे पोळे माशांचे

पहिला आहे 'हनीलँड', २०१९ सालचा. ग्रीस देशाच्या उत्तरेला उत्तर मॅसिडोनिया नावाचा छोटा देश आहे. तिथल्या डोंगरात एक ओसाड पडलेले गाव. रस्ता नाही, वीज नाही, नळ नाही. गावात राहतात दोनच बायका. हातिजे मुरातोवा नावाची पन्नाशीची बाई आणि तिची अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई. हातिजे कड्याच्या कपारीतल्या आणि पडक्या भिंतीच्या पोकळीतल्या माशांचा मध काढते, मैलोन् मैल चालून शहराच्या बाजारात नेऊन विकते आणि येताना आईसाठी काहीबाही आणते. एकदा स्वतःसाठी केसांचा कलपही घेते. ते दृश्य पाहून मला आपल्या आठवडी बाजारात बांगड्यांच्या दुकानापुढे घटकाभर थबकणाऱ्या बायका आठवल्या.

तिचा एकच नियम. अर्धे पोळे माशांचे, अर्धे आपले. कधी मोडत नाही.

मग शेजारी एक भटके कुटुंब येऊन उतरते. नवरा-बायको, सात पोरे, गुरांचा कळप. हातिजेला आनंद होतो, गावात पोरांचा आवाज आला म्हणून. तो गृहस्थही मधमाश्या पाळायच्या म्हणतो. ती त्याला सगळे शिकवते, नियमही सांगते. पण त्याच्यामागे एक व्यापारी लागतो. इतका मध पाहिजे, आत्ताच पाहिजे. घरात सात तोंडे, गुरे आजारी, हातात पैसा नाही. तो सगळे पोळे काढून घेतो. उपाशी पडलेल्या त्याच्या माशा हातिजेच्या पेट्यांवर तुटून पडतात आणि तिच्या माशा मरतात. ज्या बाईने हातातली विद्या दिली तिचेच पोट जाते.

वाचकहो, यात खलनायक कोण? मी हा चित्रपट दोनदा पाहिला. पहिल्या वेळी मला त्या माणसाचा राग आला. दुसऱ्या वेळी त्याची सात पोरे मोजली आणि राग उतरला. आपण विहिरीत बोअर घेतो, मग शेजारी घेतो, मग तिसरा आणखी शंभर फूट खाली जातो. त्यात लबाड कुणीच नसतो. प्रत्येकाच्या मागे एक व्यापारी असतो, किंवा मुलीचे लग्न, किंवा बँकेची नोटीस. आणि तरीही माशा मरतातच, पाणी तळाला जातेच. त्या दोन दिग्दर्शकांनी, ल्युबोमिर स्टेफानोव आणि तमारा कोतेव्स्का यांनी, तीन वर्षे तिथे राबून चारशे तासांहून जास्त चित्रण केले. ऑस्करच्या स्पर्धेत त्याला माहितीपट आणि परभाषिक चित्रपट अशा दोन्ही गटांत नामांकन मिळाले. मिळालेल्या बक्षिसांच्या पैशातून त्यांनी हातिजेला जवळच्या गावात घर घेऊन दिले, हेही सांगितले पाहिजे.

जाता जाता खात्याचा माणूस म्हणून एक वाक्य. कांद्याचे बीजोत्पादन घेणाऱ्यांनो, डाळिंबवाल्यांनो, पीक फुलोऱ्यात असताना कीटकनाशक फवारू नका. अगदीच वेळ आली तर माशा घरी परतल्यावर, संध्याकाळी फवारा. तुमचे निम्मे बी त्यांच्या पायांनी भरते.

चाळीस वर्षांचा अबोला

दुसरा आइसलँड या बर्फाळ देशातला. नाव 'रॅम्स', म्हणजे मेंढे. २०१५ साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात एका विभागाचे पहिले बक्षीस त्याने मिळवले. ग्रीमुर हाकोनारसन हा त्याचा दिग्दर्शक. दोन म्हातारे भाऊ, दोघेही बिनलग्नाचे, शेजारी शेजारी घरे, दोघांच्या मेंढ्या एकाच जातवान वंशाच्या. आणि चाळीस वर्षे एकमेकांशी बोलणे बंद. फारच निकड पडली तर चिठ्ठी लिहायची आणि ती कुत्र्याच्या तोंडात देऊन पाठवायची.

हसू आले ना? पण मंडळी, आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? आपण कुत्र्याऐवजी पोराला पाठवतो. "जा, तुझ्या काकाला सांग, मोटर बंद कर म्हणावं." काका दहा पावलांवर उभा असतो, त्याला ऐकूही येते.

पुढे एका भावाच्या मेंढ्यात न बरा होणारा रोग सापडतो आणि सरकारी हुकूम येतो की खोऱ्यातल्या सगळ्या मेंढ्या मारायच्या. धाकटा भाऊ आपला कळप दुसऱ्याच्या हातून मरू देत नाही, स्वतःच्या हाताने मारतो. पण थोड्या मेंढ्या आणि एक मेंढा घराच्या तळघरात लपवतो, वंश राहावा म्हणून. ज्यांनी २००६ साली नवापूरला बर्ड फ्लूच्या वेळी कोंबड्या पुरताना पाहिल्या, किंवा २०२२ साली लम्पीत दावणीची गाय गमावली, त्यांना त्या माणसाचा चेहरा वेगळा समजावून सांगायला नको. मी सरकारी माणूस आहे. रोगाच्या वेळी हुकूम पाळावाच लागतो, हे मीच गावोगाव सांगत आलो आहे. पण हुकूम बजावणाऱ्याने गोठ्यातल्या माणसाच्या खांद्यावर आधी हात ठेवावा, हे मला त्या परक्या चित्रपटाने शिकवले.

शेवट सांगून टाकत नाही. इतकेच सांगतो की अधिकारी दारात आल्यावर तो मेंढा वाचवायला चाळीस वर्षे न बोललेला भाऊच धावून येतो. बर्फाच्या वादळात ते दोघे काय करतात ते स्वतः पाहा. आणि ज्याच्याशी अबोला आहे त्याला शेजारी बसवून पाहा.

तोंडी शब्द आणि मोठे यंत्र

तिसरा स्पेनमधला, 'आल्कारास'. हे गावाचे नाव. सगळा मुलूख पीचच्या बागांचा. पीच म्हणजे थंड प्रदेशातले एक रसाळ, आठोळीचे फळ. दिग्दर्शिका कार्ला सिमोन यांच्या घरच्यांची तिथे बाग आहे. त्यांनी नट न घेता त्या भागातली साधी माणसेच उभी केली, आणि २०२२ साली जर्मनीतल्या बर्लिन महोत्सवाचे सर्वोच्च बक्षीस, सोन्याचे अस्वल, त्या चित्रपटाने मिळवले.

गोष्ट आपल्या घरातलीच आहे. एक कुटुंब तीन पिढ्या बाग कसते. जमीन कागदावर दुसऱ्याची. यादवीच्या काळात या कुटुंबाने त्या जमीनदाराच्या घरच्यांना लपवून वाचवले होते, म्हणून त्याने तोंडी शब्द दिला की ही जमीन तुमची. दोघांच्या शब्दावर दोन पिढ्या गेल्या. आता नातू मालक झाला आहे आणि त्याला झाडे काढून सौर पॅनेल बसवायचे आहेत. म्हातारा आजोबा घरभर कागद शोधतो. कागद नाही. बाप चिडतो, पोरावर डाफरतो, मेहुण्याशी भांडतो, पण तोडणी थांबवत नाही, कारण फळ पिकले आहे. बाजारात भाव नाही म्हणून शेतकरी रस्त्यावर फळे ओततात. आपण टोमॅटो ओततो, तसेच. शेवटी घरातली सारी माणसे फळे शिजवून बरण्या भरत बसली आहेत आणि पलीकडे यंत्राचा आवाज येतो आहे.

आपल्याकडेही सौर प्रकल्प येत आहेत, आणि ते वाईट नाहीत. २०२३ साली जाहीर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये भाडेपट्ट्याने जमीन देणाऱ्याला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे ठरवले गेले. पडीक माळाला ती चांगलीच मिळकत आहे. पण तुमची वाटणी तोंडी असेल, बहिणीचा हिस्सा सातबाऱ्यावर लागला नसेल, बटई नुसती शब्दावर चालली असेल, तर पैसा दारात आला की पहिले भांडण घरातच होते. सगळे हिस्सेदार राजी असतील तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे अर्ज देऊन वाटणी करून घेता येते. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी केल्याशिवाय करू नये. ही वाक्ये मी सभांतून शंभर वेळा सांगितली असतील, कुणी मनावर घेतली नाहीत. त्या आजोबाला रिकामे खण उपसताना पाहिल्यावर तुम्ही घ्याल, असे वाटते.

वाळवंटाला अडवणारा माणूस

आता आफ्रिकेत चला. बुर्किना फासो हा कोरडा, गरीब देश. तिथल्या याकुबा सावाडोगो या शेतकऱ्यावर २०१० साली एक माहितीपट निघाला. त्याचे इंग्रजी नाव 'द मॅन हू स्टॉप्ड द डेझर्ट', म्हणजे वाळवंट थांबवणारा माणूस. १९८० च्या सुमारास दुष्काळाने लोक गाव सोडून चालले होते. याकुबा गेला नाही. त्याने भर उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, टणक जमिनीत खड्डे खणायला सुरुवात केली. खड्ड्यांची रीत जुनीच होती. त्याने ते मोठे केले आणि त्यात शेणखत, काडीकचरा टाकला. खताला वाळवी आली, वाळवीने जमीन पोखरून भुसभुशीत केली, पहिला पाऊस आत मुरला आणि त्याच खड्ड्यात ज्वारी-बाजरी उभी राहिली. उताराला आडव्या दगडांच्या ओळी लावून त्याने वाहते पाणी अडवले. लोक त्याला वेडा म्हणत. पुढे त्याच वेड्याने माळावर जंगल उभे केले. २०१८ साली त्याला राइट लाइव्हलीहूड हा मोठा जागतिक सन्मान मिळाला. डिसेंबर २०२३ मध्ये तो वारला.

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेले हात अजून आपल्या गावांत आहेत. त्या म्हाताऱ्यांना हा माहितीपट दाखवा. भाषा कळली नाही तरी त्यांना कुदळ कळेल.

आपल्या मातीतली चित्रे

परदेशाचे कौतुक पुष्कळ झाले. आपल्याकडे काय आहे? पहिला मान 'मंथन'चा. १९७६ सालचा श्याम बेनेगल यांचा हा चित्रपट गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये देऊन काढला. पटकथा विजय तेंडुलकर यांची, आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. स्मिता पाटील त्यात आहेत. चित्रपट लागला तेव्हा शेतकरी आपला सिनेमा बघायला ट्रक भरभरून गेले. पुढे गावोगाव तो दाखवून त्याबरोबर जनावरांचे डॉक्टर आणि दुधाचे जाणकार पाठवले गेले आणि त्यातून संस्था उभ्या राहिल्या. २०२४ साली त्याची नवी स्वच्छ प्रत कान महोत्सवात दाखवली गेली. दोन रुपयांचे भागभांडवल अठ्ठेचाळीस वर्षांनंतरही व्याज देते आहे.

सई परांजपे यांचा १९९० चा 'दिशा' पाहा. गाव कोरडे पडले म्हणून माणसे मुंबईच्या गिरणीची वाट धरतात आणि एक भाऊ मात्र गावातच वर्षानुवर्षे विहीर खणत राहतो. लोक हसतात, तो खणतो. भाऊराव कऱ्हाडे या शेतकऱ्याच्या पोराने आपली शेतजमीन विकून 'ख्वाडा' काढला. मेंढ्या घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या धनगर कुटुंबाची ती गोष्ट, आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. जमीन विकून सिनेमा काढा असे मी कुणाला सांगणार नाही. पण त्याने काय पणाला लावले होते ते माहीत असावे.

आणि ज्यांच्या घरी लग्नाची मुलगी आहे त्यांनी जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' चुकवू नये. २०२३ साली कॅनडातल्या टोरांटो महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला, २०२५ च्या मार्चमध्ये तो आपल्याकडे लागला. विदर्भातल्या डोंगरगावातली खरी माणसे त्यात आहेत. कापसाला भाव येईल, मग हुंडा जमेल, मग लग्न होईल, असे बापाचे गणित. मुलीला पुढे शिकायचे आहे. पाहुणे येतात, पाट मांडतात, नाव विचारतात, उंची विचारतात, आणि पोहे खाऊन जातात. चित्रपटाच्या आरंभी मुलीला एक स्वप्न पडते. त्यात बायकांची मंडळी मुलगा बघायला आली आहे आणि त्याला तेच प्रश्न विचारते आहे. गावातली पुरुषमंडळी तिथे आधी हसतात, आणि मग हळूहळू गप्प होतात.

एका ओसरीवरची रात्र

शेवटी एक प्रसंग सांगतो. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' हा २००९ सालचा चित्रपट. विदर्भातला एक कापूसवाला. शेजारच्या एकाने आत्महत्या केली आहे आणि बायकोच्या मनात भीती बसली आहे की आपला नवराही तसे काही करील. ती पोराला त्याच्या मागावर ठेवते, गोडधोड करून घालते, त्याला एकटे सोडत नाही. तो बिचारा मात्र पाऊस, बी आणि दुबार पेरणी यांत बुडालेला. दोघांचे प्रेम आहे, पण भीतीचा एक शब्दही कुणी उघड बोलत नाही.

एका गावात ओळखीच्या घरी, ओसरीवर, घरची माणसे आणि शेजारपाजारची दोन-चार अशी बसून आम्ही तो पाहिला. संपल्यावर कुणी काही बोलले नाही. चहासुद्धा झाला नाही. मला वाटले, उगाच दाखवला. आठ दिवसांनी त्या बैठकीतला एक जण मला पंचायत समितीच्या आवारात भेटला. म्हणाला, "सायेब, मी त्या रातीला घरी गेलो आन् बायकोला समदं सांगून टाकलं." काय सांगितले? तर दोन वर्षांपूर्वी त्याने खासगी सावकाराकडून रक्कम उचलली होती आणि घरात कुणालाच पत्ता नव्हता. व्याज वाढत होते, तो आतल्या आत खंगत होता. "ती काय म्हनली?" मी विचारले. "काय न्हाई. रडली. मग म्हनली, वही काढा, लिहून काढू किती हाये ते."

कर्ज काही त्या रात्री फिटले नाही. पण वही निघाली. मुलगा हिशेबाला बसला. सावकाराकडे परवाना नाही हे ध्यानात आल्यावर ते सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे गेले. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली अशी तक्रार करता येते, हेही अनेकांना ठाऊक नसते. ज्याचे मन फार खचले आहे त्याच्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे. तो घरात भिंतीवर लिहून ठेवा.

आक्का, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे. आपल्या घरातले जे आपल्याला बोलता येत नाही, ते दुसऱ्याच्या घरात घडताना सगळ्यांनी मिळून पाहिले की बोलता येते. भाव, पाऊस, कर्ज हे सिनेमाने बदलत नाही. पण ओझे एकट्याच्या मानेवरून उतरून चार खांद्यांवर येते. ते माझ्या कोणत्याही शिफारशीने आजवर झालेले नाही.

गावात दाखवायचे तर

काही व्यवहाराच्या गोष्टी. बऱ्याच जिल्हा परिषद शाळांत आता प्रोजेक्टर आहे. गुरुजींशी आणि ग्रामपंचायतीशी बोलून महिन्यातून एक रात्र ठरवा. वेळ धारा काढून, जेवणे उरकल्यावरची ठेवा, म्हणजे बायकांना येता येईल, आणि पुढची जागा त्यांना द्या. गावात सर्वांसमोर दाखवायचा तर चित्रपटाच्या मालकाची परवानगी लागते. विचारले तर पुष्कळ जण आनंदाने देतात. घरच्या घरी पाहायला अडचण नाही, पण चोरीची प्रत घेऊ नका. हे चित्रपट काढणाऱ्यांचाही आपल्यासारखाच हातावरचा धंदा असतो.

परदेशी चित्रपटात पडद्याखाली इंग्रजी अक्षरे येतात. कॉलेजात जाणारी एखादी मुलगी किंवा मुलगा पुढे बसवा आणि प्रत्येक प्रसंगाला दोन वाक्यांत मराठी सांगायला लावा. सुरुवात सोप्यापासून करा. इराणचा १९९७ सालचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' घ्या. बहीण-भाऊ एकच बुटांचा जोड वाटून घेऊन शाळेत जातात, एवढीच गोष्ट. तो पोराटोरांपासून आजीपर्यंत सगळ्यांना कळतो.

आणि संपल्यावर भाषण ठेवू नका. अध्यक्ष नको, आभार नकोत, माझ्यासारखा अधिकारी तर मुळीच नको. दिवा लावा, एकच प्रश्न विचारा, "त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?" आणि थांबा. पहिल्या रात्री कुणी बोलणार नाही. दुसऱ्या रात्री एखादी म्हातारी बोलेल. तिच्यापासून सुरुवात होते.

आक्कांना मी 'हनीलँड' दाखवायचे कबूल केले आहे. त्यांच्या बागेतल्या चिंचेवर आग्यामोहोळ आहे आणि दरवर्षी कुणीतरी धूर करून ते जाळते. या वर्षी काय होते ते पाहू.

आपण कोणता पाहिला आणि घरात काय बोलणे झाले, ते पत्राने जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात मोसंबीच्या फळगळीविषयी.

आपला,
कृषी अधिकारी